बोलपटाला कथा देणारे शिक्षक : कै. वि. स. खांडेकर

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने मजसारख्या एका निवृत्त शिक्षकाकडे सोपविले, तेव्हा मी कै. विष्णु सखाराम खांडेकर यांचे नाव सुचविले. थोरांची चरित्रे वाचताना ज्ञातीच्या मर्यादा पाहावयाच्या नसतात, हे आपल्या वडिलधाऱ्यांनी घालून दिलेले वळण आहे. ज्या मनुष्याने आयुष्यभर माणसामाणसांतील भिंतींविरुद्ध लेखणी चालविली, त्याचे चरित्र तर सर्वांच्याच घरी वाचले जावे.

भाऊसाहेब खांडेकर म्हटले की आपल्याला ‘ययाति’ आठवते, ज्ञानपीठ पारितोषिक आठवते, शाळेच्या पुस्तकातील धडे आठवतात. परंतु मराठी बोलपट नुकता बोलू लागला होता, त्या काळी त्याला कथा व संवाद पुरविणाऱ्या पहिल्या फळीच्या लेखकांत त्यांची गणना होते, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. त्यांच्या आयुष्याचा हाच भाग मी येथे विस्ताराने सांगणार आहे. एका खेडेगावातील शिक्षकाने अठरा वर्षांची शाळा सोडून त्या काळी हलका मानल्या गेलेल्या धंद्यात पाऊल टाकावे, यामागे त्याने काय पणाला लावले आणि काय राखले, हे समजून घेण्यासारखे आहे.

खांडेकरांचा जन्म सांगली येथे १८९८ च्या जानेवारी महिन्यात झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडील सांगली संस्थानात न्यायखात्यात नोकरीस होते. मुलगा बुद्धीने तीव्र; परंतु प्रकृती नाजूक आणि दृष्टी पहिल्यापासून अधू. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि घराची घडी विस्कटली. तशाही स्थितीत त्यांनी १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण केली व ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले.

१९१३ हे वर्ष येथे मुद्दाम ध्यानात ठेवावे. याच वर्षी मे महिन्यात मुंबईस दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आला. एक मुलगा मॅट्रिक होत होता आणि या देशातील चित्रपट जन्मास येत होता. या दोघांची गाठ पुढे तेवीस वर्षांनी पडावयाची होती.

पुण्यात त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकऱ्यांची कल्पनाशक्ती, त्यांचा कोटिबाज विनोद, त्यांचे करुण रस ओतणारे संवाद यांनी त्या काळच्या तरुणांना वेड लावले होते. खांडेकरही त्याला अपवाद नव्हते. पुढे त्यांच्या लेखनात जो अलंकारांचा सोस दिसतो, त्याचे मूळ बहुधा या दिवसांत असावे. परंतु पुण्याचे हे दिवस फार टिकले नाहीत. कोकणात सावंतवाडीच्या बाजूस राहणारे त्यांचे चुलते सखारामपंत खांडेकर यांनी त्यांना दत्तक घेतले. गणेश आत्मारामचे विष्णु सखाराम झाले. नाव बदलले, घर बदलले, प्रांत बदलला आणि महाविद्यालयाचे शिक्षण अर्धवट राहिले. पदवी त्यांना परीक्षा देऊन कधीच मिळाली नाही.

वाचकहो, आपल्या घरांतून आजही एखादा मुलगा परिस्थितीमुळे शिक्षण सोडतो, तेव्हा त्याच्या कपाळी अपयशाचा शिक्का बसतो. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. म्हणून या गोष्टीचे दुःख मला ठाऊक आहे. खांडेकरांच्या वाट्यास हे दुःख ऐन विशीत आले. त्यात हिवतापाने शरीर पोखरलेले. तथापि त्यांनी हाती असलेल्या वेळाचा उपयोग वाचनाकडे केला. १९१९ च्या सुमारास त्यांच्या कविता व विनोदी लेख मासिकांतून येऊ लागले. ‘कुमार’ या टोपणनावाने ते लिहीत असत.

१९२० साली ते शिरोडे या गावी ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. शिरोडे हे वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस, गोव्याच्या सीमेला लागून असलेले गाव. त्या काळी ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. एका अंगाला समुद्र, सुरूची बने, मिठागरे, माडांच्या बागा. आणि दुसऱ्या अंगाला कोळी, मजूर, कुळे यांचे अठरा विश्वे दारिद्र्य. पगार तुटपुंजा आणि शाळा नवी. शहरातील माणूस अशा ठिकाणी दोन वर्षे काढून निघून गेला असता. खांडेकर तेथे अठरा वर्षे राहिले. शाळेचा कारभार पुढे मुख्याध्यापक म्हणून त्यांनीच पाहिला.

या अठरा वर्षांचे मोल मला विशेष वाटते. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, संध्याकाळी वह्यांचे गठ्ठे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लेखन; तेही अधू डोळ्यांनी. १९२३ साली ‘घर कोणाचे?’ ही त्यांची पहिली लघुकथा प्रसिद्ध झाली. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून ते नियमाने लिहीत. १९२९ साली त्यांचा विवाह झाला. १९३० साली ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आली, त्यानंतर ‘कांचनमृग’, आणि १९३४ साली ‘उल्का’ व ‘दोन ध्रुव’. त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. मुंबई-पुण्याचे वाचक ज्याच्या कादंबरीची वाट पाहत, तो लेखक शिरोड्याच्या शाळेत मुलांना व्याकरण शिकवीत होता.

याच काळात, १९३० च्या मे महिन्यात, शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. ठिकठिकाणचे सत्याग्रही या लहानशा गावी जमले आणि त्यांनी लाठ्यांचे प्रहार सोसले. देशात चाललेली उलथापालथ खांडेकरांना अशी आपल्या दारात पाहावयास मिळाली. त्यांच्या कथांतील ध्येयवादी तरुण, गरिबांसाठी झिजणारे शिक्षक व डॉक्टर, श्रीमंतीच्या मोहात सापडलेली दुबळी माणसे ही सारी या गावाच्या मातीतून वर आलेली आहेत. पुढे त्यांच्या बोलपटांतही हीच माणसे दिसू लागली.

आता बोलपटाकडे वळू. फाळक्यांच्या काळी चित्रपटाला स्वतंत्र लेखक असा क्वचितच असे. पुराणातील आख्यान सर्वांना पाठ. दिग्दर्शकच प्रसंगांची मांडणी करी. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, तेव्हा त्यांनी नारायण हरि आपटे या कादंबरीकारांची कथा घेतली. चालू काळातील शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आले ते असे एका लेखकाच्या हातून. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झाला व मराठी चित्रपट बोलू लागला. माणसे बोलू लागली म्हणजे त्यांना बोलण्यासारखे काही हवे! म्हणून चित्रपट कंपन्या साहित्यिकांच्या दाराशी आल्या. १९३५ साली कोल्हापूर सिनेटोनच्या ‘विलासी ईश्वर’ या बोलपटाला मामा वरेरकर यांनी कथा दिली. त्याचे दिग्दर्शन मास्टर विनायक यांनी केले होते.

पुढील वर्षी, म्हणजे १९३६ साली, विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक या तिघांनी कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था काढली. पहिलाच बोलपट, पैसा बेताचा. अशा वेळी कोणीही शहाणा व्यापारी देवादिकांची कथा घेऊन निश्चिंत झाला असता. या तिघांनी शिरोड्याच्या शिक्षकाकडून कथा घेतली. तो बोलपट म्हणजे ‘छाया’.

‘छाया’ची कथा अशी की, एका पेढीतील नोकर पत्नीच्या आजारपणात औषधोपचारासाठी पैसा उभा करू शकत नाही. अगतिक होऊन तो पेढीच्या पैशास हात लावतो, पकडला जातो व तुरुंगात जातो. पत्नी तर वाचत नाहीच. परंतु मुलांच्या कपाळी चोराची मुले हा डाग कायमचा लागतो. मुलगा कवी आहे, गुणी आहे. पण समाज त्याला उभे राहू देत नाही. यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. गुन्हा कोणाचा? चोरी करणाराचा, की औषधावाचून माणसाला मरू देणाऱ्या समाजाचा? हा प्रश्न पडद्यावरून प्रेक्षकांना विचारण्यात आला. शेवट गोड करून प्रेक्षकाला हसत घरी पाठविण्याची सोयही लेखकाने ठेवली नव्हती. लीला चिटणीस, रत्नप्रभा, स्वतः विनायक व बाबूराव पेंढारकर यांनी त्यात कामे केली. या कथेची चित्रसृष्टीत व जाणत्या प्रेक्षकांत मोठी वाखाणणी झाली.

कथालेखन आणि बोलपटलेखन यांतील फरक आपल्या मंडळींस सांगितला पाहिजे. कादंबरीत लेखक दोन पाने पात्राच्या मनातील विचार लिहू शकतो. पडद्यावर मन दिसत नाही. ते संवादातून, चेहऱ्यातून, एखाद्या वस्तूवरून दाखवावे लागते. चित्रपटाच्या फितीचे एक हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. म्हणून दोन-सव्वादोन तासांच्या बोलपटाला बारा-तेरा रिळे लागतात, आणि लेखकाला आपली संपूर्ण कथा या मापात बसवावी लागते. त्यात गाणी यावयाची. ‘हंस’चे अनेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत, म्हणजे प्रसंग असा रचावयाचा की, भाषा बदलली तरी त्याचे बळ कमी होऊ नये. खांडेकरांसारख्या अलंकारप्रिय लेखकाला ही शिस्त जड गेली असली पाहिजे. त्यांचे संवाद पुष्कळदा सुभाषितांसारखे वाटतात, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु प्रसंगाची निवड, दोन परस्परविरोधी स्वभावांची टक्कर आणि त्यातून उभा राहणारा नैतिक पेच, या बाबतींत त्यांचा हात धरणारे थोडेच होते.

१९३८ साली खांडेकरांनी शिरोडे सोडले व ते कोल्हापुरास येऊन राहिले. हा निर्णय सोपा नव्हता. त्या काळी सिनेमाचा धंदा कुलीन घरांत चांगला समजला जात नसे. शिक्षकाने तर त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये, असा समज होता. नोकरी सुटली म्हणजे महिन्याची मिळकत सुटली. आणि बोलपटाचे उत्पन्न हे वळवाच्या पावसासारखे. प्रकृती तोळामासा, संसार वाढता. चाळिशी उलटताना त्यांनी हा धोका पत्करला.

आणि धोका खरा होता, हे त्याच वर्षी दिसून आले. ‘हंस’ने ‘ज्वाला’ हा मोठ्या खर्चाचा बोलपट काढला. महत्त्वाकांक्षेने पछाडलेल्या एका पराक्रमी सेनापतीच्या अधःपाताची ही काल्पनिक कथा खांडेकरांची होती आणि प्रमुख भूमिका चंद्रमोहन या नामांकित नटाची होती. भव्य देखावे उभारले गेले. पण बोलपट पडला आणि कंपनी अडचणीत आली. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या विनोदी कथेवरील ‘ब्रह्मचारी’ने मात्र गर्दी खेचली. एकाच कंपनीत दोन लेखक. एकाने लोकांना हसविले व पैसा आणून दिला, दुसऱ्याने गंभीर प्रश्न विचारले व कंपनीला खोट आली. दुसरा एखादा लेखक अशा वेळी आपली वाट सोडून देता. खांडेकरांनी सोडली नाही. विनायकांचा मोठेपणा असा की, त्यांनीही आपल्या लेखकाचा हात सोडला नाही. १९३९ साली ‘देवता’ व ‘सुखाचा शोध’ हे खांडेकरांच्या कथांवरील बोलपट आले. त्यांपैकी दुसऱ्याचे दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकर यांनी केले.

१९४० साली ‘हंस’ची मंडळी ‘नवयुग चित्रपट’ या नव्या संस्थेत आली व १९४१ साली ‘अमृत’ हा बोलपट निघाला. माझ्या मते हा खांडेकरांच्या बोलपटांत त्यांच्या हृदयाला सर्वांत जवळचा असला पाहिजे. कारण यात त्यांचे कोकण आहे. कोकणातील एक खेडे, तेथील लोभी जमीनदार, त्याच्यासमोर एक चर्मकार कुटुंब, आणि त्या कुटुंबाला पोखरणारे दारूचे व्यसन. शिरोड्याच्या अठरा वर्षांत डोळ्यांनी पाहिलेले सारे या कथेत उतरले. जोडे शिवणाऱ्या माणसाला कथेच्या मध्यभागी आणून बसविणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी हे विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे. आपण आपल्या माणसांच्या उत्कर्षासाठी एकत्र येतो, हे योग्यच. परंतु शेजारच्या आळीतील दुःख आपल्याला दिसेनासे झाले, तर त्या एकत्र येण्याचे सार्थक काय?

त्याच वर्षी खांडेकरांच्या कथेवर ‘धर्मपत्नी’ हा तेलुगू बोलपट निघाला. पी. पुल्लय्या हे त्याचे दिग्दर्शक. पुढे तेलुगू चित्रसृष्टीत फार मोठे झालेले अक्किनेनी नागेश्वरराव हे पडद्यावर प्रथम दिसले ते या बोलपटातील एका लहानशा भूमिकेत. मराठी शिक्षकाची कथा अशी आंध्र देशात पोहोचली. आणि याच १९४१ साली सोलापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खांडेकरांना मिळाले. सिनेमासाठी लिहिणारा म्हणून ज्यांनी नाके मुरडली असतील, त्यांना हे परस्पर उत्तर मिळाले.

पुढे विनायकांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली. तिच्या ‘माझं बाळ’ या १९४३ सालच्या बोलपटाची कथा खांडेकरांची होती. अविवाहित मातेचा प्रश्न त्यात मांडला होता. घरोघरी ज्याविषयी कुजबुज होई, पण चारचौघांत कोणी बोलत नसे, असा हा विषय. वडिलांच्या निधनानंतर घरचा भार अंगावर घेतलेली एक किशोरवयीन मुलगी या बोलपटात एका भूमिकेत होती. ती म्हणजे लता मंगेशकर.

१९४७ च्या ऑगस्ट महिन्यात, देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले असताना, मास्टर विनायक मुंबईस निवर्तले. त्यांचे वय अवघे एकेचाळीस. खांडेकरांच्या चित्रपटलेखनाचा ऐन बहराचा काळ येथे संपला, असे म्हणावयास हरकत नाही. लेखकाची कथा कितीही चांगली असो; तिच्यावर विश्वास ठेवणारा, तिच्यासाठी नुकसान सोसणारा दिग्दर्शक भेटावा लागतो. विनायकांसारखा दुसरा त्यांना भेटला नाही.

येथे थोडे थांबून जमाखर्च मांडला पाहिजे. चरित्र म्हणजे नुसती स्तुती नव्हे. १९३० पासून १९४२ पर्यंत खांडेकरांच्या कादंबऱ्या एकामागून एक येत होत्या : ‘हिरवा चाफा’, ‘दोन मने’, ‘रिकामा देव्हारा’, ‘पांढरे ढग’, ‘क्रौंचवध’. १९४२ च्या ‘क्रौंचवध’नंतर पुढची कादंबरी ‘अश्रू’ आली ती १९५४ साली. मध्ये बारा वर्षे गेली. याची कारणे अनेक असतील. प्रकृती, संसार, महायुद्धाने व त्यानंतरच्या घडामोडींनी जुन्या ध्येयवादाला बसलेला धक्का, ही कारणे तर आहेतच. परंतु बोलपटाने त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा मोठा वाटा घेतला, हेही नाकारता येत नाही. या काळातही त्यांची लेखणी अगदी थांबली नव्हती. ‘कलिका’ व ‘मृगजळातील कळ्या’ या संग्रहांतून त्यांनी रूपककथा हा नवा प्रकार मराठीत रुजविला. खलील जिब्रानचे साहित्य त्यांनी मराठीत आणले.

मग बोलपटात जाऊन त्यांनी चूक केली काय? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या काळात एक मुलगा गणिताच्या वहीत मागील बाजूने नाटकातील संवाद लिहीत असे. मी ती वही काढून घेतली, त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि सिनेमा-नाटकाच्या नादाने आयुष्याचे वाटोळे होते, असे चारचौघांत ऐकविले. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने पुन्हा कधी लिहिले नाही. पुढे तो गावातच राहिला, कष्टाने संसार केला. वाटेत भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने मला अपराध्यासारखे होते. त्या वेळी माझ्या वर्गाच्या कपाटात खांडेकरांची पुस्तके होती. ती मी मुलांना वाचावयास देत असे. परंतु ते लिहिणारा माणूसही एक शिक्षकच होता व त्याने सिनेमासाठी लिहिले होते, हे मला त्या दिवशी आठवले नाही.

म्हणून मी या प्रश्नाचे उत्तर असे देतो. खांडेकरांनी धंदा बदलला. पण काम बदलले नाही. शिरोड्याच्या वर्गात ते जे शिकवीत होते, तेच त्यांनी पडद्यावरून शिकविले. ज्या मजुराला अक्षरओळख नव्हती, ज्या स्त्रीला घरात कादंबरी हाती धरण्याची मुभा नव्हती, त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचत नव्हते. बोलपट पोहोचत होता. शाळेच्या चार भिंतींत जेमतेम शेदोनशे मुले बसतात. तंबूत व थिएटरात हजारो माणसे बसली.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. स्वतःचे तारुण्य टिकविण्यासाठी मुलाचे तारुण्य मागून घेणाऱ्या राजाची पुराणातील ही कथा त्यांनी आजच्या भोगलोलुप माणसाची कथा करून सांगितली. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. जणू एकामागून एक पात्र प्रकाशात येऊन उभे राहते. ही मांडणी वाचताना, प्रसंग व पात्रे डोळ्यांपुढे उभी करण्याचा त्यांचा जुना सराव येथे उपयोगी पडला असावा, असे मला वाटते. या कादंबरीस १९६० सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९६८ साली ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना जाहीर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले मराठी लेखक. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. परिस्थितीमुळे महाविद्यालय सोडलेल्या मुलाकडे पदवी अशी आपण होऊन चालत आली.

महाराष्ट्राबाहेर त्यांना मिळालेले प्रेम तर थक्क करणारे आहे. का. श्री. श्री. यांनी त्यांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेल्या व तेथील घरोघरी त्या वाचल्या गेल्या. गोपाळराव विद्वांस यांनी त्या गुजरातीत नेल्या. त्या प्रांतांतील पुष्कळ वाचकांना खांडेकर हे आपल्याच भाषेतील लेखक वाटत.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. ज्या डोळ्यांनी कंदिलाच्या उजेडात वह्या तपासल्या, कथा लिहिल्या, ते मिटले. तरी ते दुसऱ्याकडून वाचून घेत व मजकूर सांगून लिहवून घेत. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. १९९८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय उभे राहिले आहे. आपल्यापैकी जे कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जातात, त्यांनी मुलांना बरोबर घेऊन एक तास तेथेही काढावा.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. गुणपत्रिकेवरील आकडे पाहून आपण शाबासकी देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या मुलाची वही मागील बाजूने भरलेली असते. ती वही उलटून पाहण्याची सवय आपण पालकांनी व शिक्षकांनी लावून घेतली पाहिजे. त्यातील सर्वांतूनच खांडेकर निघतील असे नाही. पण एकाचीही वही आपल्या हातून बंद होऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो. मला ते साधले नाही, म्हणून हे चरित्र मी आपल्यापुढे ठेवले आहे.